वीजराणीचे सिनेमे कुठून सुरू करायचे

"जसे आले तसेच लावायचे!" मी ओरडले. "जो आधी बनला तो आधी. यात कसलं डोकं चालवायचं?"

धाकटा भाऊ हसला. "ताई, तुला काय कळतंय त्यातलं? वीजराणीचं बालपण पार सातव्या सिनेमात दाखवलंय. बाबांना गोष्ट नीट समजायची तर तिथूनच सुरुवात हवी. आधी पोर, मग राणी."

"मला काय कळतंय? अरे, तिचा आवाज आहे मी!"

बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं, कारण ते अर्धंच खरं होतं. मी डबिंग करते, परदेशी सिनेमांतल्या बायकांना आपल्या भाषेत बोलतं करते. वीजराणीच्या पहिल्या तीन सिनेमांत मी बोलले. चौथ्याला स्टुडिओने एक नवी मुलगी घेतली, मला साधं कळवलंही नाही. घरी मी हे सांगितलंच नाही. तेव्हा बाबांची नजर नुकतीच गेली होती. जन्मभर चित्रकला शिकवलेला माणूस दिवसदिवस खुर्चीत बसून राहायचा, आणि दारात कुणी आलं की सांगायचा, "वीजराणी बोलते ना, ती माझी लेक." तेवढंही कसं काढून घ्यायचं? नवा सिनेमा आला की मी म्हणायचे, "हो बाबा, केलं काम." आणि आता त्यांना सगळे सिनेमे ओळीने ऐकायचे होते.

माझा बेत साधा होता. आधी माझे तीन लावायचे, मग काहीतरी सबब काढून थांबायचं. भावाने मान डोलावली, मला वाटलं जिंकले. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि पठ्ठ्याने नेमका बालपणाचाच लावला!

संध्याकाळी दारात पाऊल टाकलं तोच बाबा म्हणाले, "ये, तुझीच वाट बघतोय."

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, संपलं सगळं.

"सोळा वर्षांची कशी झालीस गं तू? तुझा घसा तर भरदार. इतका कोवळा आवाज आणलास कुठून?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चपला काढता काढता म्हणाले, "सवयीने जमतं, बाबा."

जमतं म्हणे! जीभ झडली नाही माझी.

"एक सांगू? रागावू नकोस," ते म्हणाले. "थिएटरात पहिले सिनेमे पाहिले होते ना, त्यात तू आवाज लावायचीस. इथे तू बोललीस."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. त्या मुलीला स्टुडिओत मी तिच्या माघारी सगळ्यांसमोर वशिल्याचं तट्टू म्हणाले होते. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा, हे विचारायला ती एकदा माझ्याकडे आली होती. मी तोंड फिरवलं होतं. आणि आता तिचं कौतुक मी घरात बसून गिळत होते.

बाबांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. रविवारी आत्या आली. बाबांनी तिला शेजारी बसवलं आणि मला हाक मारली. "ते घर सोडतानाचं वाक्य म्हण की एकदा. हिला ऐकू दे."

सुटका नव्हती. मी म्हणाले, "दार उघडं ठेव, आई. मी परत येणार आहे."

"छान हो," आत्या म्हणाली, पाहुण्यांच्या घरी म्हणतात तसं.

बाबांच्या कपाळाला आठी पडली. "घसा बसलाय का गं? पाणी पी आणि परत म्हण."

भावाने पाण्याचा पेला हातात दिला. मी तो तसाच खाली ठेवला. "बाबा, ती मी नाही. चौथ्या सिनेमापासूनच मी नाही. मला काढलं. मी खोटं बोलत आले."

भाऊ आ वासून बघत राहिला. आत्या पदराशी चाळा करत बसली. बाबांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे त्या पोरीची शाबासकी मी तुला दिली," ते म्हणाले. "आणि तू ठेवून घेतलीस."

"हो."

"लाव तिला फोन."

"बाबा, नको ना. मी तिच्याबद्दल नाही नाही ते बोललेय."

"मग तर लावच."

मी नंबर लावला. तिने फोन उचलल्यावर मी कशीबशी म्हणाले, "माझ्या बाबांना बोलायचंय," आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"पोरी, मी आंधळा माणूस आहे," बाबा तिला म्हणाले. "पण तू ते दाराचं वाक्य बोललीस ना, तेव्हा मला तुझा चेहरा दिसला गं." माझ्या तीन सिनेमांत एकदाही ते असं म्हणाले नव्हते. मला रडू आलं. त्यात लाज किती आणि जळफळाट किती, ते मला आजही सांगता यायचं नाही. मग त्यांनी फोन माझ्या दिशेने धरला. "घे. तुलाही तिच्याशी बोलायचंय, असं सांगितलंय मी."

"हॅलो, ताई?" पलीकडून तोच कोवळा आवाज आला.

"स्टुडिओत मी तुझ्याबद्दल जे बोलले," मी म्हणाले, "ते तुझ्या कानावर आलं असेल."

"मी दाराबाहेरच उभी होते, ताई," ती म्हणाली.