झाकणांची अदलाबदल

संशोधक बाईंनी सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पेशींच्या दोन्ही काचेच्या बश्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. अहो, सहा वर्षं एकाच गोष्टीमागे! कर्करोगाच्या पेशीला एकाच्या दोन व्हायचं असलं, की ती आधी अंगावरची बारीक बारीक दारं उघडते, पोटॅशियमचे कण बाहेर सोडते आणि मगच पुढचे उद्योग करते. या दारांना म्हणतात आयन चॅनेल. बाईंचं औषध ती दारंच बंद करणार होतं. दारं बंद, की वंशवृद्धी बंद! पण झाकणावर 'औषध' लिहिलेल्या बशीत पेशींची नुसती झुंबड, आणि 'साधी', म्हणजे बिनऔषधाची, असं लिहिलेल्या बशीत सगळं गपगार.

"म्हणजे तुमचं औषध कर्करोगाला टॉनिक आहे," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "पुरे झालं आता. हे काम आजपासून बंद."

बाई तोंड पाडून घरी आल्या. सासूबाईंनी चहा पुढे केला. पहिलाच घोट बाईंनी फुर्रकन उडवला.

"आई, मीठ घातलंत!"

"काहीतरीच! झाकणावर साखर लिहिलंय चांगलं ठसठशीत." सासूबाईंनी डब्यात बोट घालून चाखलं. "अगंबाई! दोन्ही डबे एकदम धुवायला काढले होते गं."

बाई ताडकन उठल्या. पेशींचं पाणी बदलताना घाईघाईत त्यांनीही दोन्ही बश्या एकदम उघडल्या होत्या! नाव बशीच्या बुडावर लिहायचं, झाकणावर नाही, हे तर पहिल्याच दिवशी शिकवतात.

"आई, तुम्ही देवासारख्या भेटलात!" म्हणत त्या चपला घालून पळाल्या. सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला, अशी सासूबाईंची खात्रीच पटली.

सर प्रयोगशाळेला कुलूप घालत होते. बाईंनी धापा टाकत सगळं सांगितलं.

"झालीही असेल अदलाबदल," सर म्हणाले. "पण मला एक सांगा. उत्तर मनासारखं आलं असतं, तर ही झाकणं आठवली असती तुम्हाला?"

बाईंच्या अगदी जिभेवर 'हो' आलं. तेवढ्यावर सहा वर्षं वाचली असती. रडूच यायला लागलं त्यांना.

"नाही, सर. नाचत सुटले असते."

सरांनी खिशातून किल्ली काढली. मग त्यांनी कुलूप परत काढलं.

"चला आत. नव्या बश्या घ्या, आणि आधी त्या उलट्या करा."