उजवीकडचा डाग

एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टरीणबाई बोलल्या, पण माझ्याशी नाही, आमच्या ह्यांच्याशी. "उजव्या बाजूला खाली डाग दिसतोय."

"डाग माझ्या छातीत आहे," मी म्हटलं. "मला सांगा."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. न्यूमोनिया असेल, क्षयरोग असेल, जुन्या आजाराचा व्रण असेल, कधी कधी काहीतरी आत अडकलेलं असतं. "आणि गाठही असू शकते," त्या शेवटी म्हणाल्या. माझी आई गाठीनंच गेली. बाकीचं सगळं मी ऐकलं आणि विसरले.

"ठसका लागून घशात काही गेलं होतं का?"

"ठसका कुणाला लागत नाही?" मी म्हटलं. शिवणकाम करणाऱ्या बाईचे दोन्ही हात कापडात असतात, तेव्हा टाचण्या, बटणं दातांतच धरायची. त्यात बोलायचं, हसायचं आणि खोकायचंही. त्याचं काय सांगायचं?

शेजारी हे बसले होते, शर्टाचं चौथं बटण नसलेले. शिंपिणीचा नवरा असा फिरतो, लोक काय म्हणतील. मोजकी मिळालेली शिंगाची बटणं मी हौसेनं लावली आणि ह्यांनी एक लगेच हरवलं. वर म्हणायचे, "मी घातला तेव्हापासूनच नव्हतं." चूक कबूल करायची म्हणजे ह्यांच्या जिवावर येतं. म्हणून दुसरं बटण मीही लावलं नाही. बसा म्हटलं तसेच.

थुंकी तपासली, क्षयरोग निघाला नाही. न्यूमोनियाच्या गोळ्या संपल्या, पण खोकला तसाच, आणि नव्या एक्स-रेतही डाग होता तिथेच. आता नळी घालून आत बघायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"थोडं थांबू या का?" हे म्हणाले. सुंठीवाचून खोकला जावा अशी ह्यांची आशा.

वन्सं तर घरी येऊन बजावून गेल्या, "नसतं उकरून काढू नकोस, वहिनी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे, वन्सं. आत काय आहे ते मी बघणार."

भीती वाटत नव्हती असं नाही. मशीनवर बसले की शिवण वाकडी जायची. पण वाकडी शिवण मी उसवते, तशीच पुढे रेटत नाही. गाठ असेल तर गाठ, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. मी तारीख घेऊन आले आणि मग घरात सांगितलं.

नळीची तपासणी झाली. गुंगी उतरल्यावर डॉक्टरीणबाई एक छोटी बाटली घेऊन आल्या आणि ह्या वेळी सरळ माझ्याशीच बोलल्या. "गाठ नाही. हे अडकलं होतं. असलं बटण एक्स-रेत उमटत नाही, त्याच्यामागे साचलेलं तेवढं दिसतं."

बाटलीत शिंगाचं बटण होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

ह्यांनी बाटली हातात घेतली, बटण बघितलं, मग मान खाली घालून स्वतःचा शर्ट बघितला. "मी सांगत होतो ना" म्हणायची एवढी आयती संधी ह्यांनी सोडून दिली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"घरी गेल्यावर शर्ट काढून द्या," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "लावून देते."

"दे," हे म्हणाले. "पण बटण माझ्या हातात राहील. तू मागशील तेव्हा देईन."