कंटाळा विभाग

छोटी ज्या कंपनीत कामाला होती तिथे माणसं नऊ होती आणि फोन बाराशे. लोखंडी मांडण्यांवर फोन ओळीने उभे असत, प्रत्येकाच्या बुडाला वायर. कुणाचं नवं गाणं आलं, कुणाचा नवा कार्यक्रम आला, कुठल्या वाहिनीला बातम्यांचे प्रेक्षक कमी पडले, की काम इथे येई आणि बाराशे फोन ते मन लावून बघत. बाहेर आकडा वाढे. आकडा वाढला की खरी माणसं येत, कारण गर्दी कशाला जमलीय हे बघितल्याशिवाय माणसाला पुढे जाववत नाही.

अडचण एकच होती. ज्या ॲपवर हे चाले त्या ॲपकडेही एक यंत्र होतं, आणि बघणारा माणूस आहे की नुसताच फोन, हे ते डोळ्यांत तेल घालून तपासत असे. पूर्वी ते बोटांच्या हालचालीवरून ओळखायचं, नंतर कायम भरलेल्या बॅटरीवरून. अलीकडे त्याला सोपी खूण सापडली होती. माणूस कंटाळतो. चांगल्यातलं चांगलं गाणं लावा, दुसऱ्या कडव्याला माणूस उठून दुसरीकडे जातो. फोन बिचारा शेवटपर्यंत बसतो.

म्हणून कंपनीने कंटाळा विभाग काढला. विभागात छोटी एकटी होती. छोटी हे तिचं घरचं नाव. ती बत्तीस वर्षांची होती आणि घरात तिच्याहून मोठं भावंड कधीच नव्हतं, पण नाव पडलं ते पडलं.

तिच्याकडे एक जाड वही होती. वहीत प्रत्येक फोनचा स्वभाव लिहिलेला. सतरा नंबर नर्स होती. ड्यूटीतून वेळ काढून बघायची आणि रक्त दिसलं की पुढे ढकलायची, कारण ते दिवसभर बघून झालेलं असे. बेचाळीस नंबर गणिताचे निवृत्त सर, न आवडलेलंच जास्त वेळ बघणारे. तीनशे अकरा आदर्श नवरा : बायको लावेल ते समोर चालू असे, पण बघत नसे. कुणाला किती कंटाळा यायचा ते छोटी संगणकावर एक पट्टी सरकवून ठरवी. काम वाईट नव्हतं. दिवसभर बाराशे जणांना कंटाळा आणता आणता स्वतःला कंटाळा यायचा राहून जाई.

घरी बाबा होते. बाबांनी एकतीस वर्षं रेडिओवर संध्याकाळी सातचं बातमीपत्र वाचलं. आता केंद्रावर यंत्र बातम्या वाचतं. त्याला ठसका लागत नाही, रजा लागत नाही, आणि पुराची बातमी ते स्नेहसंमेलनाच्या बातमीइतक्याच आनंदाने वाचतं. बाबांच्या जागी यंत्र आल्यावर एकाही श्रोत्याची तक्रार आली नाही. हे बाबांना कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. ते स्वतः केंद्रावर जाऊन विचारून आले होते.

त्यानंतर सहा महिने बाबा घरात सामानासारखे होते. म्हणजे अडचण काही नव्हती, फक्त झाडताना बाजूने जावं लागे. बोलणं चालू होतं. ‘गॅस बंद केलास का’, ‘किल्ली घेतलीस का’, ‘दूध आलं’. यापलीकडे गेलं तर ‘दूध आलं नाही’.

मग छोटीने त्यांना चॅनल काढून दिलं. साखरेच्या डब्याला फोन टेकवला, समोर खुर्ची ठेवली, आणि बाबा रोज संध्याकाळी सात ते सव्वासात लाइव्ह बातम्या वाचू लागले. इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या आठवड्यात बघणारे दोन होते. एक छोटीचा फोन, ज्यावर तिचं नाव नव्हतं, नुसता आकडा होता. दुसरा कुणीतरी चुकून आलेला, तो ‘सॉरी’ लिहून गेला.

छोटीने आठव्या दिवशी ऑफिसातले साठ फोन बाबांकडे वळवले.

एकतीस वर्षं बाबांनी माइकच्या काळ्या जाळीकडे बघून वाचलं होतं. ऐकणारं कुणी आहे की नाही हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. आता कोपऱ्यात एकसष्टचा आकडा होता आणि तो जिवंत होता. चौथ्या मिनिटाला, नियमाप्रमाणे, त्यातल्या बावीस जणांना कंटाळा आला.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “बावीस जण उठून गेले.”

“येतील उद्या.”

“मी तेव्हा काय वाचत होतो?”

“मला काय माहीत, बाबा? मी ऑफिसात होते.”

“धरणातला पाणीसाठा.” त्यांनी बराच विचार केला. “धरणात दम नव्हता.”

ताटातलं निम्मं तसंच ठेवून ते उठले.

दुसऱ्या दिवशी छोटीने त्या साठ फोनांची पट्टी शून्यावर नेली. कंटाळा बंद. तिच्या विभागात याहून मोठा गुन्हा नव्हता, पण विभागप्रमुख तीच असल्यामुळे तिने स्वतःकडे दुर्लक्ष केलं.

आता एकसष्ट जण पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत जागचे हलेनात. फोन मधूनमधून ‘छान’ आणि ‘खरं आहे’ असे शेरेही टाकत. ते तयार शेऱ्यांच्या यादीतून आपोआप जात. बाबा त्यांना उत्तर देत. “हवामानाला ‘खरं आहे’ म्हणणाऱ्या श्रोत्यांचे आभार. तो अंदाज असतो.” एकदा नेट बंद पडलं आणि बातम्याच मिळाल्या नाहीत, तेव्हा बाबांनी छापून ठेवलेलं वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक आधी वाचून घेतलं, ऐन सातला नेट आल्यावर लाइव्ह गेले आणि पंधरा मिनिटं तेच वाचलं. एकही जण गेला नाही. छत्तीस ‘छान’ आले.

“असे श्रोते मला सगळ्या नोकरीत मिळाले नसतील,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी भाजी परत वाढून घेतली.

आणि मग ते बोलायला लागले. हवामान संपलं की दोन मिनिटं उरत. त्या दोन मिनिटांत ते श्रोत्यांना इकडचं तिकडचं सांगू लागले. स्टुडिओत ते अनवाणी बसत, कारण त्यांचे बूट कुरकुरत. पहिल्या बातमीपत्राआधी त्यांना उलटी झाली होती आणि शेवटच्याआधीही. बायको रोज रेडिओ लावायची, पण बातम्या ऐकायची नाही, नुसता आवाज नीट आहे ना एवढं बघून बंद करायची.

छोटीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती हे मांडणीसमोर उभी राहून ऐके. फोनचा आवाज पूर्ण बंद असला की ॲपच्या यंत्राला संशय येई, म्हणून प्रत्येकाचा आवाज एक रेघ ठेवलेला असे. साठ बाबा हळू आवाजात, थोडे मागेपुढे, वर्गाने पाढे म्हणावेत तसे तिला तिच्या आईबद्दल सांगत. घरी गेल्यावर एक बाबा विचारत, “किल्ली घेतलीस का?”

आई नऊ वर्षांपूर्वी गेली. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. हॉस्पिटल रेडिओ केंद्राच्या समोर होतं, रस्ता ओलांडला की झालं. छोटी परगावी परीक्षा देत होती आणि बाबा बातम्या वाचत होते. बातमीपत्र संपल्यावर निरोप आला, असं बाबांनी तिला तेव्हा एकदा सांगितलं. त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. घरात दोघंच होती म्हणा, त्यामुळे कुणी म्हणजे फार माणसं नव्हती. पण समोरच्या रस्त्यापलीकडून निरोप यायला बातमीपत्र संपेपर्यंत वेळ का लागला, हे छोटीला नऊ वर्षं विचारायचं होतं. बाबा आता रोज दोन दोन मिनिटांनी त्या संध्याकाळच्या जवळ येत होते. ते तिथे पोचेपर्यंत कुणी उठून जाता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

ऑफिसातल्या मुकादमाला सगळे चार्जर म्हणत. तो दिवसभर मांडण्यांमधून फिरे आणि वायरी हलवून बघे. एका दुपारी तो तिच्या टेबलाशी आला.

“ताई, पाचव्या मांडणीवरचे साठ फोन संध्याकाळी पंधरा मिनिटं हलत नाहीत. मेलेत का?”

“ऐकतायत.”

“काय?”

“बातम्या.”

“पंधरा मिनिटं? सलग?” चार्जर खुर्ची ओढून बसला. “अहो, स्वतःच्या लग्नाची बातमी असली तरी माणूस पंधरा मिनिटं ऐकत नाही. कोण आहे गिऱ्हाईक?”

“माझे वडील.”

“वडील?” त्याने कपाळावर हात मारला. “मग तर पाचव्या मिनिटाला उठायला पाहिजे! वडिलांचं शेवटपर्यंत ऐकणारा कुणी बघितलाय तुम्ही? ते यंत्र काय दूधखुळं आहे?”

छोटीने वही मिटली.

“आज अर्ध्या जणांना कंटाळा आणा,” तो उठत म्हणाला. “थोडा थोडा आणा, एकदम नको. नाहीतर सगळे हातचे जातील.”

सातला बाबा आले. शर्ट निळा होता. त्यांनी बातम्या जरा भरभर वाचल्या, हवामान वाचलं, आणि कागद बाजूला ठेवला. सात वाजून अकरा मिनिटं झाली होती.

“आज एक जुनं सांगतो,” ते म्हणाले. “माझी पत्नी गेली त्या संध्याकाळचं.”

छोटीचा हात पट्टीवर होता. अर्ध्या जणांना उठवायची वेळ झालेली होती. तिने हात काढून मांडीवर ठेवला.

“मी बातमीपत्र वाचत होतो. बाहेर लाल दिवा लागलेला असला की कुणी आत यायचं नसतं. त्या दिवशी शिपाई आत आला. त्याच्या हातात चिठ्ठी होती.”

पाचव्या मांडणीवरच्या वरच्या ओळीतला एक फोन पांढरा झाला. त्यावर अक्षरं आली : या खात्याचं वागणं माणसासारखं वाटत नाही, म्हणून ते बंद करण्यात येत आहे. मग शेजारचा. मग ओळच्या ओळ, जिन्यावरचे दिवे कुणी घालवत यावं तशी. फरक इतकाच की हे उजळत होते.

बाबांची नजर कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेली. अठ्ठावन्न. पन्नास.

“काही जण निघालात,” ते म्हणाले. “हरकत नाही. कामं असतात.” त्यांनी घसा साफ केला. “तर शिपायाने चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. मी वाचता वाचताच तिच्याकडे...”

एकतीस. एकोणीस. आवाजही कमी होत चालला होता, कारण तितके बाबा उरले नव्हते. सात. दोन.

शेवटी छोटीच्या स्वतःच्या फोनवर एकटे बाबा राहिले. ते आकड्याकडे बघत होते. त्यांनी बाजूचा कागद उचलून परत समोर नीट ठेवला, कडा जुळवल्या.

“एका माणसासाठी बातमीपत्र होत नाही,” ते म्हणाले. “नमस्कार.”

चार्जर धावत आला तेव्हा छोटी पांढऱ्या मांडणीसमोर उभी होती. तिला काही वाटत नव्हतं. काय वाटायला हवं याची यादीही जवळ नव्हती.

“नर्स गेली?” चार्जरने विचारलं.

“गेली.”

“आणि गणिताचे सर?”

“तेही.”

“सर किती चांगले होते,” तो म्हणाला आणि खरोखर खाली बसला. मग मान वर करून म्हणाला, “तो नवरा?”

“तो आहे. तो बघत नव्हता.”

चार्जरने तिला उद्यापासून येऊ नका असं सांगितलं, आणि मग वहीतले स्वभाव समजावून द्यायला दोन दिवस या, असंही सांगितलं. ती हो म्हणाली. तिने डबा पिशवीत टाकला आणि ती घरी आली.

बाबांनी शर्ट बदलला होता. दोन ताटं वाढलेली होती. साखरेचा डबा परत फळीवर गेला होता.

“किल्ली होती ना?” बाबा म्हणाले.

“होती.”

दोघं जेवायला बसली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी त्याला ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होतं. गाडी लागली. आवाज थांबला.

“उद्या वाचणार?” छोटीने विचारलं.

“बघू. लोक आहेत तोवर ठीक असतं.”

“चिठ्ठीत काय होतं, बाबा?”

बाबांचा घास हातात राहिला. कुठली चिठ्ठी, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या ताटाशेजारी पालथ्या ठेवलेल्या फोनकडे, मग परत तिच्याकडे. हे सगळं त्यांनी सावकाश, बातमी आधी नजरेखालून घालावी तसं केलं.

“तू होतीस ती एक,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि बाकीचे?”

“ते ऑफिसातले.”

“सगळे?”

“सगळे.”

बाबांनी मान हलवली. घास खाल्ला. पाणी प्यायले आणि भांडं खाली ठेवलं. मग ते बोलले, आणि तो बातमीपत्राचा आवाज नव्हता. दूध आलं नाही असं सांगतात तो होता.

“‘लगेच या’ असं होतं. दोनच शब्द. सात वाजून दोन मिनिटं झाली होती.”

छोटीने त्यांचं भांडं परत भरलं.

“मी ती उलटी ठेवली,” बाबा म्हणाले. “उठायचं, तर वाचणार कोण? उरलेली मिनिटं नुसती रिकामी गेली असती. सगळीकडे. मला वाटलं, तेरा मिनिटांनी काय होतंय.”

“मग काय वाचलं?”

“कधी?”

“सात दहाला.”

बाबांना आठवावं लागलं नाही.

“तापमान,” ते म्हणाले.

“किती होतं?”

“कमाल चौतीस, किमान बावीस.”

“आणि मग?”

“मग वाऱ्याचा वेग.”

छोटीने थांबून वाट बघितली. बाबांनी तोही सांगितला.