लाइलची गाडी बोट उचलत नाही

"आला," ग्लेनिस म्हणाली आणि स्टिअरिंगवरचं तिचं बोट वर गेलं.

समोरून मागे उघडा हौदा असलेली फिकट हिरवी गाडी येत होती. उन्हामुळे तिच्या काचेवर नुसती चकाकी होती, आत कोण बसलंय ते दिसायची सोय नव्हती. गाडी आमच्या शेजारून सुसाट निघून गेली. धूळ खाली बसली तरी ग्लेनिसचं बोट तसंच वर होतं.

"नाही उचललं," ती म्हणाली.

"अगं, मेलबर्नचा आहे तो. त्याच्याकडून काय अपेक्षा करतेस?"

"गाडी तर इथलीच आहे ना, रॉन्डा."

गाडी इथलीच होती. ग्लेनिसच्या नवऱ्याची, लाइल नोस्केची. आमच्या बुरांगी गावाच्या आसपास एकही बोअर नसेल जिचा पंप लाइलने कधी ना कधी उघडला नाही. ही गाडी फाटकातून आत आली की मेंढ्यासुद्धा पाण्याच्या टाकीकडे चालू लागायच्या. तो गेला आणि ॲडलेडहून आलेल्या त्यांच्या मुलाने दोन दिवसांत गाडी विकून टाकली. आईला दारात बघवणार नाही म्हणे. तालुक्याच्या गावच्या दलालाने घेतली, तिथून ती या मेलबर्नच्या टेरीकडे गेली, आणि टेरी ती घेऊन आमच्याच गावात मासे-बटाटे तळायचं दुकान चालवायला आला. आता ती दारात नव्हती, रोज रस्त्यावर होती.

आमच्याकडे समोरून गाडी आली की एक बोट उचलायचं. ओळख असो नसो. हात सोडायचा नाही, मान हलवायची नाही, हसायचं तर मुळीच नाही. तेवढंही ज्याला जमत नाही त्याच्या आईबापांचा आम्ही मनातल्या मनात उद्धार करतो. शहरात मी जाऊन आले आहे, मला माहीत आहे तिथली तऱ्हा. ॲडलेडचा माणूस चर्चमध्ये तुम्हाला बसायला जागा देईल, पण रस्त्यावर दोन रांगांची एक झाली की तुमची गाडी मध्ये घुसू देणार नाही, आणि वर ढिम्म समोर बघत बसेल. मेलबर्नवाले पाठीला चिकटतात. सिडनीत मी गाडीच चालवली नाही, बहिणीला सांगितलं, तुझं तू बघ.

टेरीचं खरं नाव लेफ्टेरिस, पण ते कुणी लक्षात ठेवायचे कष्ट घेतले नाहीत. आल्या आल्याच त्याने एक पाप केलं. पबचा मालक नेव्हिल आणि त्याचा मेव्हणा रस्त्याच्या मधोमध दोन गाड्या खिडकीला खिडकी लावून पावसाबद्दल बोलत होते. मागून टेरी आला आणि त्याने हॉर्न वाजवला. बुरांगीत हॉर्न! मेंढरू आडवं आलं तरी आम्ही खाली उतरून हाकलतो.

तरी लोक त्याच्या गाडीला बोट उचलत राहिले. त्याच्यासाठी नव्हे. ती गाडी दिसली की हात आपसूकच वर जायचा. मग नेव्हिल एकदा पबमध्ये म्हणाला, "परवा बोट उचललं आणि मग आठवलं, च्यायला, आपणच लाइलची शवपेटी खांद्यावरून नेली. अंगावर काटा आला माझ्या."

कुणी हसलं नाही. प्रत्येकाला तो काटा येऊन गेला होता. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण त्या चकाकत्या काचेमागून लाइल येतोय आणि कुणाकडे न बघता जातोय असं मलाही वाटायचं.

"बस झालं," नेव्हिल म्हणाला. "त्या गाडीला आता कुणी बोट उचलायचं नाही. लाइलचं नाव खराब करतोय तो."

सगळ्यांनी ऐकलं. ग्लेनिसने ऐकलं नाही. जन्मभर शाळेची बस चालवलेली ही बाई, कुणाशी कधी वाकडं बोलली नाही. ती रोज बोट उचलायची आणि रोज म्हणायची, नाही उचललं.

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. "का करतेस बाई असं? स्वतःला का छळतेस?"

ती म्हणाली, "लाइल गेला त्या सकाळी आमचं वाजलं होतं. कशावरून, तर फाटक उघडं ठेवलं म्हणून. मी फाटकाशीच उभी होते. तो गाडी घेऊन शेजारून गेला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघून बोट उचललं नाही."

"अगं, रागात होता..."

"रागात होता तो, कळतं मला. संध्याकाळी आला असता तर हसलो असतो दोघं. पण आला नाही ना." तो बोअरजवळ पाठ टेकून बसलेला सापडला होता. "आता ती गाडी रोज येते, रॉन्डा. रोज माझ्याकडे न बघता जाते. मला वाटतं, याचा राग अजून गेलेला नाही. एकदा, फक्त एकदा त्या गाडीतून बोट वर जायला हवं. मग मी काही मागणार नाही."

मी म्हटलं, "मग गाडी वळव. जाऊन सांगू त्या गाढवाला."

टेरी दुकानात बटाटे सोलत होता. जाडा, गोल चेहऱ्याचा, चाळिशीचा. आम्हाला बघून घाबरलाच. आमच्या गावाने तोवर त्याच्याशी गिऱ्हाईक म्हणून लागतं तेवढंच बोलायचं ठरवलं होतं.

"बाळा, रस्त्यात लोक तुला बोट उचलतात ते तुला दिसत नाही का रे?" ग्लेनिसने विचारलं.

"मी बघत नाही, मिसेस नोस्के."

"का? मान अवघडते?" मी.

त्याने सुरी खाली ठेवली. "आमच्याकडे दुसऱ्या गाडीत बघितलं की भांडण. एकदा सिग्नलला बघितलं मी एकाकडे, नुसतं बघितलं. घरापर्यंत मागे आला तो. बायको, पोरगी गाडीत. काच फोडली त्याने, पोरीच्या बाजूची. तेव्हापासून मी रस्ता बघतो. फक्त रस्ता."

"आणि तो हॉर्न?"

"त्यात काय, जरा सरका म्हटलं! तुम्ही लोक रस्त्याच्या मधोमध गाड्या लावून गप्पा हाणता, ते चालतं?"

त्याचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

ग्लेनिस म्हणाली, "ती गाडी माझ्या नवऱ्याची होती. वारला तो. लोकांचा हात सवयीने वर जातो. तू पण उचललंस एक बोट तर बरं होईल."

टेरीचा चेहरा पडला. "मला कुणी सांगितलंच नाही. आई शपथ. म्हणजे इतके दिवस तुम्ही... उचलेन मी. नक्की उचलेन." त्याने तळलेल्या बटाट्यांचं एवढं मोठं पुडकं बांधून तिच्या हातात कोंबलं आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या वाणसामान आणायला निघालो. ग्लेनिसने केस नीट केले होते. मी बघितलं, काही बोलले नाही. गव्हाच्या कोठारांपाशी रस्ता सरळ होतो, तिथे समोर हिरवा ठिपका दिसला. तिने वेग कमी केला.

गाडी जवळ आली. आणि टेरीने उचललं. एक बोट नव्हे, अख्खा हात. खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर काढून, पाचही बोटं पसरून, पोरं आगगाडीला करतात तसा तो हलवत होता. जोडीला दोनदा हॉर्न. खिडकीत त्याचा गोल चेहरा दिसला, घामेजलेला, सगळे दात दाखवत हसणारा. आम्हाला खूश करायचा इतका आटापिटा करताना मी दुसरा माणूस पाहिलेला नाही.

गाडी गेली. मी हसत वळले. "बघ, उचललं की नाही! अगं, मेला निशाणच फडकवत होता."

ग्लेनिसचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. दहाच्या दहा बोटं. तिने उचललं नव्हतं.

मी मागे वळून बघितलं. टेरीचा हात लांब जाईपर्यंत बाहेर होता, उत्तर येईल म्हणून.

"टेरी आहे गं तो," ती म्हणाली.

"हो. टेरीच."

"लाइल नाहीये त्या गाडीत."

"नाही, ग्लेनिस."

तिने मान हलवली. डोळे पुसले नाहीत, ते नुसते वाहत होते. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "त्याला वाईट वाटलं असेल."

"उद्या उचल."

"उद्या उचलीन," ती म्हणाली, आणि दुकानापर्यंत समोर बघत राहिली, फक्त रस्त्याकडे.