फेरर पार्कवर बसलेला माणूस

संध्याकाळी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला निघायचं होतं आणि अप्पा सकाळपासून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटचा हॉल तो केवढा! त्यात मी काढलेलं भलंमोठं चित्र सोफ्यावर वाळत पडलेलं. प्रत्येक फेरीला अप्पा चित्रापाशी थबकायचे, बघायचे आणि पुन्हा चालू लागायचे. माझं डोकं उठलं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. बेचाळीस साली ते इंग्रजांच्या फौजेत ट्रक चालवत होते. सिंगापूर पडलं आणि इंग्रजांनी आपले हजारो हिंदी शिपाई फेरर पार्कच्या मैदानावर जपान्यांच्या हवाली केले. त्यांत साताऱ्याचे अप्पाही होते. तिथेच आझाद हिंद सेनेत येण्याची हाक आली, अप्पा उठून पुढे झाले, अशी आमच्या घरातली गोष्ट. माझ्या नवऱ्याने, विश्वासने, ती साऱ्या सिंगापुरात सांगून ठेवलेली. त्यानंतर अप्पा आत्ता कुठे, २००५ मध्ये, इथे परत आले म्हटल्यावर मंडळाने पंधरा ऑगस्टला त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मंडळातल्या प्रबोधने रचलेला पोवाडा आणि स्टेजवर मागे माझं चित्र. विश्वास बँकेतला अकाउंटंट, एरवी तोलूनमापून बोलणारा. पण महिनाभर त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

चित्रासाठी मी अप्पांना मैदान दाखवायला नेलं होतं. लिटिल इंडियातून किराणा घेतला की ते पलीकडेच. मुलं फुटबॉल खेळत होती. अप्पा कडेलाच उभे राहिले, गवतावर पाऊल टाकेनात. भरून आलं असेल, असं समजून मी खुशाल स्केच काढत बसले.

"मधू," अप्पा आज अखेर येरझाऱ्या थांबवून म्हणाले, "हा पुढे हात वर करून उभा कोण?"

"अहो, तुम्हीच!"

"मी नव्हतो उठलो."

मी चित्रापाशी गेले.

"माणसं उठली, ओरडली, टोप्या उडवल्या. मी बसून राहिलो. फौजेत शिरताना एक शपथ घेतलेली होती गं. दुसरी घ्यायला तोंड उघडेना. चूक का बरोबर, तेव्हाही कळलं नाही, आताही नाही. मग जपान्यांनी आम्हाला बोटीत कोंबून न्यू गिनीला धाडलं. तिथं गवत खाऊन राहिलो. गावी परतलो तर वेशीवर माणसं हार घेऊन उभी! सिंगापूरहून आला म्हणजे आझाद हिंदवालाच. मी गप्प बसलो. पुढं विश्वास शाळेत सांगाय लागला…"

मला रागही आला आणि रडूही. राग नक्की कुणाचा, ते मात्र ठरेना.

"विश्वासला सांगू?"

"नको. पोराचं तोंड पडेल." मग चित्राकडे बोट करून म्हणाले, "पण चित्र खोटं आहे."

माझ्या चित्राला खोटं म्हटलेलं मला सहन होत नाही. मी रंग काढले, वर गेलेला हात पुसला, गुडघे दुमडले आणि अप्पांना गवतावर बसवलं. बाकी सगळे उभे, हे एकटे खाली.

विश्वास ऑफिसातून आला आणि चित्र बघून किंचाळलाच. त्याला सगळं सांगणं मला भाग पडलं. आतल्या खोलीत अप्पा होते, पण तो तिकडे गेला नाही.

"आजच्या दिवस तो हात वर कर," तो म्हणाला.

"नाही करणार."

प्रबोधची व्हॅन येऊन चित्र घेऊन गेली. एमआरटीच्या गाडीत आम्ही तिघं तीन दिशांना बघत बसलो.

हॉल गच्च भरला होता. प्रबोधने पोवाडा असा काही म्हटला की शेवटच्या ओळीला सगळा हॉल उभा राहून टाळ्या पिटू लागला. अप्पा स्टेजवर खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. प्रबोध वाकून म्हणाला, "अप्पा, उठा ना, शाल घालायचीय." अप्पा हलले नाहीत.

"गुडघे दुखत असतील हो," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"गुडघे ठीक आहेत," अप्पा माइकमध्ये म्हणाले. "मी त्या दिवशीही उठलो नव्हतो. मी आझाद हिंद सेनेत नव्हतो."

टाळ्या इथे तिथे विरत बंद झाल्या. विश्वास शाल घेऊन पायरीपाशी उभा होता आणि दार त्याच्या पाठीशीच होतं. आता हा निघून जाणार, अशी माझी खात्रीच झाली. मनातल्या मनात मी त्याला शिव्या घालायला सुरुवातही केली.

तो स्टेजवर चढला. बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. मग कडक इस्त्रीच्या नव्या कुर्त्यासकट अप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.

"अप्पा," त्याने विचारलं, "तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"धोंडी. वाईचा. तो परत आला नाही."

माझ्या चित्रात अप्पांच्या शेजारी नुसतं गवत होतं. आणि रंग मी घरी ठेवून आले होते. माझाच असा संताप आला मला!