समासातला रेनो

रेनो लाहती पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तो पुस्तकं देऊन टाकायला. अमेरिकेतल्या दुलुथमध्ये फक्त विज्ञानकथा आणि अद्भुतकथा ठेवणारं दुकान आमचं एकच, त्यामुळे बायको गेल्यावर तिची एकतीस खोकी घेऊन तो दुसरीकडे जाणार तरी कुठे? चाळीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. आमच्या मालकिणीला, बेव्हला, त्याने बजावलं की मोबदला काही नको, फक्त हे राक्षस घरातून जाऊ देत. जे घडलंच नाही ते वाचून काय मिळतं, हा एकच प्रश्न तो बायकोला, आर्डिसला, संसारभर विचारत आला होता. तिला कधी उत्तर देता आलं नाही, हे त्याने जरा विजयानेच सांगितलं.

उत्तरं तिने दिली होती, पण पुस्तकांच्या समासात. ती मला सापडेपर्यंत दोन महिने गेले होते आणि पाचसात खोक्यांतली पुस्तकं विकलीही गेली होती. एका जाड कादंबरीत एक ड्रॅगन खजिन्यावर नुसता बसून असतो, कुणाला हात लावू देत नाही, स्वतःही वापरत नाही. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हुबेहूब रेनो. गॅरेजमधली हत्यारं.’

मी त्याला फोन केला. तो आला, चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "माझ्या हत्यारांचा इथे काय संबंध?"

"ते कळायला मागची दोनशे पानं वाचावी लागतील."

"सगळी?"

सगळी, म्हटल्यावर त्याने पुस्तक काखेत मारलं आणि निघून गेला. पुढच्या शनिवारी दुसरं न्यायला हजर. मग दर शनिवारीच यायला लागला. एका सरदाराने वाट न विचारता अख्खी फौज दलदलीत घातली होती, तिथे आर्डिसने लिहिलं होतं, ‘थंडर बे, १९८८.’ त्या वर्षी थंडर बेला जाताना आपण वाट चुकलोच नव्हतो, रस्ताच नवीन झाला होता, हे रेनोने मला अर्धा तास समजावलं. हिवाळा लागेपर्यंत तो इतर गिऱ्हाइकांना अडवायला लागला होता. हा भाग आधी घेऊ नका, राजघराण्याचा काही उलगडा होणार नाही, असं सांगायचा.

विकलेली पुस्तकं परत मिळवायला बेव्हने ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन केले. बहुतेकांनी आणून दिली. शाळेची बस चालवणारी डेल्फीन रॉय मात्र पुस्तक छातीशी धरून आली आणि देणार नाही म्हणाली.

"गोष्ट तशी बरी आहे," ती म्हणाली, "पण मी आणि माझी बहीण वाचतोय ते त्या समासातल्या रेनोसाठी. इतका हट्टी माणूस खरंच कुणी असेल का हो?"

रेनो शेजारच्याच कपाटापाशी उभा होता. बेव्ह छताकडे बघायला लागली.

"मला नाही वाटत," रेनो म्हणाला. "असली माणसं गोष्टीतच असतात."

मग त्यानेच विचारलं, की शेवटी त्या रेनोचं काय होतं. डेल्फीनने सांगितलं, शेवटी एक म्हातारा जादूगार आहे. जादू सगळी संपलेली, पण रोज पहाटे तो बायकोच्या आधी उठून तिच्यासाठी चूल पेटवतो, आणि त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. तिथे समासात टोमणा नाही. नुसतं ‘रेनो’ लिहिलंय, खाली दोन रेघा.

"चूल नाही," रेनो म्हणाला. "तिच्या गाडीची काच. बर्फ खरवडून ठेवायचो."

डेल्फीन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पुस्तक पुढे केलं. त्याने घेतलं नाही. आधी तुमच्या बहिणीचं होऊ दे, म्हणाला. शिवाय त्याआधीचा भाग त्याचा वाचायचा राहिला होता.

तो भाग कुणी नेला ते आम्हाला सापडलं नव्हतं, म्हणून बेव्हने नवी कोरी प्रत काढून दिली. रेनोने उभ्याउभ्या पाचदहा पानं चाळली, शेवटचं पान बघितलं, पुन्हा मधलं बघितलं आणि नाराजीने म्हणाला, की यात नुसती गोष्टच आहे.