पंख्याखालची खुर्ची

माझ्या डोक्यावर एक पितळी वाटी ठेवलेली असते. तिच्यात सुपारीची खांडे आहेत. पखवाजाच्या डाव्या बाजूची, म्हणजे कणीक लावलेल्या बाजूची थाप पडली की ती खांडे खडखडतात. उजव्या बाजूच्या थापेला ती हलत नाहीत. गाणाऱ्याच्या आवाजालाही नाहीत. फक्त त्या एका खोल घुमाऱ्याला हलतात, आणि घुमारा थांबल्यावरही क्षणभर थरथरत राहतात.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. बारामतीच्या एका सुताराने माझी प्लायवूडची पेटी केली आणि तिच्यात बारा इंची कागदी पडदा बसवला. बावड्याच्या एका मंडपवाल्याकडे मी पुष्कळ वर्षे काम केले. लग्ने, कीर्तने, शाळांची स्नेहसंमेलने, सगळे उघड्या मैदानात. तिथे माझा आवाज दूर निघून जाई, परत येत नसे. ऐकणारे म्हणत, ह्या पेटीचा आवाज गोड हाय. पुढे स्पीकरांच्या उंच भिंती रचायची पद्धत आली आणि मी गोदामात ताडपत्रीखाली गेलो. उंदरांनी माझी तार कुरतडली. तिथून वरकुट्याच्या रविराजने मला उचलले, तार बदलली आणि आपल्या वडिलांसाठी घरी आणले.

वडील म्हणजे सावळारामतात्या, गावच्या भजनी मंडळाचे पखवाजी. त्यांच्या गुरूंची एक जुनी कॅसेट रविराजने मोबाइलवर उतरवून घेतली होती. तात्या रोज संध्याकाळी ती माझ्यातून ऐकत. त्यासाठी डाळिंबाचे क्रेट ठेवायची मागची खोली रिकामी करून दिली होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, आणि उंचीही दहाच फूट. चारी बाजू सारख्या म्हणून गवंड्याला तिचा फार अभिमान. मला कोपऱ्यात ठेवले. तात्यांची खुर्ची खोलीच्या मधोमध, पंख्याखाली. आपल्याकडे मानाच्या माणसाला पंख्याखालीच बसवतात.

घोटाळा तिथेच झाला. खोल आवाजाची लाट फार लांब असते. अशा लहान खोलीत ती भिंतीवर आपटून परत फिरते. येणारी आणि जाणारी लाट भिंतीपाशी एकमेकींना बळ देतात आणि मधोमध एकमेकींना पुसून टाकतात. ह्या खोलीत तिन्ही मापे सारखी, म्हणून तिन्ही दिशांच्या लाटा एकाच सुरावर हा खेळ खेळतात. नेमका डाव्या थापेचा सूर त्याच्याच आसपासचा. त्यामुळे कोपऱ्यात घुमाऱ्याचा ढीग पडतो आणि खुर्चीपाशी तो जवळजवळ उरतच नाही.

तात्या म्हणत, "उजवा हात येतोय. डावा कुठं गेला?" आणि आवाज वाढवत. मग स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणे वाजत. त्यांच्या पत्नी विजयमालाबाई दारातून म्हणत, "अवो, आक्ख्या आळीला ऐकू जातंय. तुमालाच कसं येत न्हाय?"

त्या हे हसत म्हणत. तात्या हसत नसत. त्यांनी मनाशी एक गोष्ट ठरवली होती आणि ती विजयमालाबाईंनाच सांगितली होती. गुरूंचा डावा हात ऐकू येईनासा झाला, तर आपण पखवाजावर हात ठेवायचा नाही. ज्याला घुमारा कळत नाही त्याने मंडळाचा ताल बिघडवू नये. ठरवले होते, पण मंडळात कोणाला बोलून दाखवत नव्हते. आज नको, पुढच्या एकादशीला सांगू, असे चालले होते. मंडळात ते वाजवत होते, पण जपून, प्रत्येक थापेला स्वतःवर संशय घेत.

रविराजने उपाय केले. शेजारच्या पोल्ट्रीतून अंड्यांचे ट्रे आणून भिंतींना चिकटवले. त्यांनी बारीक आवाज तेवढा शोषला आणि उजवी थापही मळकट झाली. खोल आवाजाची लाट अशा पातळ पुठ्ठ्याला जुमानत नाही. बारामतीला कान तपासले. डॉक्टर म्हणाले, वयाने बारीक आवाज कमी झालेत, जाड आवाज उत्तम ऐकू येतात. तात्या म्हणाले, "मशीनला पखवाजातलं काय कळतंय?" डॉक्टरांनी कानात घालायला थेंब दिले होते, मळासाठी.

एकदा घरात लग्नाचे पाहुणे आले. गाद्यांची चळत माझ्या समोरच्या कोपऱ्यात छतापर्यंत लागली आणि गर्दीत खुर्ची भिंतीकडे सरकली. त्या संध्याकाळी तात्यांची बोटे गुडघ्यावर आपोआप चालू लागली. ते म्हणाले, थेंबांचा गुण आला. पाहुणे गेले, गाद्या माळ्यावर गेल्या, खुर्ची पंख्याखाली आली. तात्यांनी थेंब दुप्पट केले.

वीज गेली की उकाड्याने ते खुर्ची खिडकीशी नेतात. तिथे त्यांना सगळे ऐकू आले असते. पण वीज नसली की मी मुका असतो.

मित्रांनो, माझ्याजवळ आवाज आहे, शब्द नाहीत. जे आत येते तेच मी बाहेर देतो. म्हणून तुम्हाला विनवतो. घरातले म्हातारे माणूस ऐकू येत नाही म्हणाले, तर त्याच्या कानाला दोष देण्याआधी त्याच्या जागेवर जाऊन एकदा बसा. ह्या घरात सगळ्यांचा तात्यांवर जीव आहे, पण त्या खुर्चीत दुसरे कोणीच बसत नाही, मानाची म्हणून.

काल गेणूआबा आले. ते मंडळाचे वीणेकरी, तात्यांचे बालमित्र. सप्ताह जवळ आला होता, त्याचे बोलायला आले होते. ते भिंतीला टेकलेल्या पलंगावर बसले. तात्यांनी मोबाइलवर गुरूंची ती कॅसेट लावली. गुरूंची डावी थाप पडली आणि गेणूआबांचे डोळे मिटले.

"काय घुमारा हाय, सावळाराम," ते म्हणाले. "पोटात शिरतोय."

तात्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. पुढची थाप आली. गेणूआबांची मान डोलली. मी जेवढे देता येईल तेवढे देत होतो. तात्यांनी कानामागे तळहात धरला, मग खाली घेतला. मोबाइल उचलून त्यांनी वाजणे बंद केले.

विजयमालाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"गेणूआबा," तात्या म्हणाले, "सप्त्याला दुसरा पखवाजी बघा. मी आता वाजवत न्हाय."